एका वितीत तीन काटे

“हाताला विचारा. हात खोटं बोलत नाही.”

हे वाक्य दोरमास्तरांनी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल, त्याची मोजदाद नाही. भिंतीवर तळवा टेकवून ते ओल कुठवर चढलीय ते सांगायचे. लेकरांच्या कपाळाला हात लावून ताप सांगायचे. दुकानात कापड घ्यायचं झालं की डोळे मिटून दोन बोटांत धरायचे. दुकानदार म्हणायचा, “अहो, डोळे उघडून तरी बघा.” “डोळ्यांना तुम्ही फसवाल,” मास्तर म्हणायचे, आणि मग ते ठरलेलं वाक्य.

आमची खाण म्हणजे जमिनीत खोल उतरलेला एक खड्डा. वर यंत्राची खोली, खाली आम्ही दगड भरणारे. मध्ये चारशे फुटांचा उतार, उतारावर रूळ, रुळांवर लोखंडी डबा आणि डब्याला बांधलेला तारेचा दोर. दोर अंगठ्याएवढा जाड, शेकडो बारीक तारा पिळून केलेला. भरलेला डबा तो वर ओढायचा, रिकामा खाली सोडायचा. खाली उभं राहून वर बघितलं की आपला जीव कशाला टांगलाय हे कोणालाही कळावं.

दोर झिजतो. आतली एखादी तार तुटते आणि तिचं टोक बाहेर येतं. त्याला आम्ही काटा म्हणायचो. एखाद-दुसऱ्या काट्यानं काही बिघडत नाही. पण एका वितीत तीन काटे आले की दोर तिथं कापायचा आणि नव्यानं बांधायचा, असा नियम. त्यात अर्धा दिवस काम बंद. हे काटे शोधायचं काम मास्तरांचं. सकाळी पहिला डबा सुटण्याआधी यंत्रवाला दोर सावकाश सोडायचा आणि मास्तर कप्पीपाशी उभे राहून तो हातातून जाऊ द्यायचे.

हातात चिंधी धरावी, असं नियमात होतं. चिंधी अडकली की काटा. मास्तरांनी चिंधी कधी धरली नाही. तळव्याला तेल चोळायचे आणि पाखराला धरावं तशी मूठ दोराभोवती अलगद मिटायचे. चारशे फूट दोर त्या मुठीतून जायचा. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलत नसे. यंत्रवालासुद्धा खोकला आला तर दाबून धरायचा. शेवटी मास्तर हात पुसायचे, खोलीत जाऊन नोंदवही उघडायचे, ‘दोर ठीक’ असं लिहायचे आणि खाली सही. तेवीस वर्षं हेच. त्यांच्या तळव्यावर पांढऱ्या रेघांचं असं जाळं झालं होतं की हात बघणाऱ्यानं त्यात नशिबाची रेघ शोधली असती तर त्याची दिवेलागण तिथंच झाली असती.

त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ आमच्यातच होता. खाली डब्याला हूक लावायचं काम त्याचं. मास्तरांनीच त्याला तिथं चिकटवला होता. अंगानं काडी, तोंडानं तोफ. घरातल्या जुन्या कपड्यांच्या चिंध्या फाडून तो रोज सकाळी एक चिंधी दाजींसाठी घेऊन वर जायचा.

“दाजी, आज तरी घ्या. तुमचा हात म्हणजे किसणी झालीय. ताईचा विचार करा.”

“तुझ्या ताईनं तक्रार केली का?”

“ती कशाला करेल? घरबसल्या किसणी मिळालीय तिला.”

मास्तर ती चिंधी घ्यायचे आणि त्याच्याच खिशात कोंबायचे. हसायचे मात्र. दुसऱ्या कोणाच्या थट्टेला ते हसल्याचं मला आठवत नाही.

या मेहुण्याला एक खोड होती. वरून खाली येताना तो पायऱ्या उतरायचा नाही. रिकाम्या डब्यावर बसून यायचा. ‘डब्यावर बसू नये’ असा हातभर फलक तिथं होता. पण तो बसायचा ते फक्त दाजींनी दोर तपासला असेल त्या दिवशी. मास्तर रजेवर असले, दुसऱ्या कोणी चिंधी फिरवली असली, तर हा गुपचूप पायऱ्या मोजत खाली. कोणी विचारलं तर म्हणायचा, “दाजींचा हात फिरला की हा दोर राहत नाही, आईचा पदर होतो.”

त्या वर्षी मॅनेजर नवा आला. मास्तरांनी एका आठवड्यात दोनदा काम थांबवलं, दोनदा दोर कापायला लावला. तिसऱ्या वेळी मॅनेजर स्वतः यंत्राच्या खोलीत आला. चिंधी फिरवून बघितली. अडकली नाही. दोराला तेल नवं होतं, काटे बारीक होते.

“रोज काही ना काही टोचतं तुमच्या तळव्याला,” मॅनेजर हसत म्हणाला. “वरून मला विचारतात, काम का थांबलं. कागदावर काय दाखवू त्यांना? तुमचा तळवा? आजचा कापा. उद्यापासून चिंधी अडकली तर काम थांबेल. हातावर थांबणार नाही.”

बरोबर आलेले कारकून हसले. साहेब हसले म्हणून यंत्रवालाही हसला. मास्तरांनी तेलाचा हात पुसला आणि बाहेर आले. त्यांच्या बायकोनं नंतर सांगितलं, त्या दिवशी ते ताटावर बसून तसेच उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते आम्हांला फार उशिरा कळलं, त्यांच्याच तोंडून. पण गोष्ट सरळ सांगावी म्हणून इथंच सांगतो.

दोर हातातून जात होता. अर्ध्याच्या पुढे गेला आणि टोचलं. एक. लगेच दुसरा. बोटभर अंतरावर तिसरा. मूठ आपोआप आवळली, दोर थांबवायला. मास्तरांनी ती मूठ सोडली. काल हसले ना, मग बघू दे त्यांना. पहिला डबा रिकामाच सुटतो, त्या वेळी रुळांवर चिटपाखरू नसतं. तुटला तर डबा जाऊन दगडावर आपटेल, मॅनेजर धावत येईल आणि सगळ्यांसमोर या हातापुढे मान खाली घालेल. एवढाच विचार. तो करायला श्वासभर वेळ लागला असेल. दोर संपला. ते खोलीत गेले, नोंदवही उघडली आणि लिहिलं, ‘दोर ठीक’.

मेहुण्याची त्या दिवशी रजा होती. त्याच्या चार वर्षांच्या लेकीला ताप होता. आदल्या संध्याकाळी मास्तर तिच्या कपाळाला हात लावून म्हणाले होते, “उतरतोय. सकाळी खेळायला लागेल.” सकाळी ती खरंच खेळायला लागली. मग हा घरी बसून काय करणार? उशीर झाला म्हणून पळत आला, खोलीत मास्तर नोंदवहीवर वाकलेले त्याला दिसले, म्हणजे दोर तपासून झाला, आणि त्यानं सुटत्या डब्यावर उडी मारली.

आम्ही खालून बघत होतो. त्यानं आम्हांला हात केला. मग दोराचं टोक चाबकासारखं हवेत उडालं आणि डबा सुटला. आम्ही बाजूला पळालो. त्याला पळायला जागा नव्हती. याहून जास्त मी लिहीत नाही.

तीन दिवसांत चौकशी आटोपली. नोंदवहीत दोर ठीक. फलकावर ‘डब्यावर बसू नये’. निकाल असा निघाला की हूकवाल्यानं मनाई असताना चालत्या डब्यावर उडी मारली, तिचा झटका बसून दोर तुटला, आणि तो स्वतःच्या बेपर्वाईनं मेला. आमच्यातला दगड फोडणारा म्हातारा ते ऐकून म्हणाला, “भरल्या डब्याला दोर दाद देत नाही आणि आमच्या काडी पैलवानाच्या उडीनं तुटतो. बरं झालं, एखादी माशी बसली नाही. अख्खी खाण कोसळली असती.” कोणी हसलं नाही. तो हसण्यासाठी म्हणालाही नव्हता.

खाणीचा कायदा असा, की माणूस कामात मेला तर त्याच्या बायकोला खोली राहते आणि कामगारांच्या स्वयंपाकघरात काम मिळतं. बेपर्वाईनं मेला तर तीन महिन्यांत खोली रिकामी. मेहुण्याच्या बायकोला माहेर नव्हतं. त्या एका शब्दावर तिचं छप्पर आणि तिच्या मेल्या नवऱ्याचं नाव, दोन्ही उभं होतं. आणि तो शब्द बदलू शकेल असा माणूस एकच होता. चौकशीत त्यांना विचारलं, “दोर ठीक होता?” मास्तर म्हणाले, “लिहिलंय तसं.”

पाचव्या दिवशी बायकोनं चहाचा पेला त्यांच्या हातात दिला. काठोकाठ भरलेला, उकळता, पितळेचा पेला. ते तो उजव्या हातात धरून बसून राहिले. ती कामाला वळली, परत आली, तरी ते तसेच.

“अहो, हात!”

“हाताला काय झालं?” त्यांनी खाली बघितलं. तळव्यावर फोड टरारून वर आला होता. तो दुसऱ्या कोणाचा असावा तसे ते बघत राहिले.

हात हलत होता. मूठ वळत होती, बादली उचलत होती. पण मनगटाच्या पुढे त्याला काही कळत नव्हतं. ऊन नाही, थंड नाही, टोचणं नाही. खाणीच्या डॉक्टरनं टाचणी टोचली, रक्ताचा थेंब आला, मास्तर शांत. डॉक्टर म्हणाला, “मूठ वळते, वजन उचलतं, मग बिघडलंय काय?” त्यानं ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि मॅनेजरला खिडकीतून सांगितलं, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं, की सोंग आहे. मॅनेजरनं मास्तरांना दोरावरून काढलं आणि हत्यारांच्या कोठारात बसवलं. हातोडे द्यायचे, हातोडे घ्यायचे, सही करायची.

माणसांच्या जिभेला तेवढं पुरलं. “मास्तर, हाताला विचारा, आज ऊन पडेल का?” “विचारू नका रे, त्यानं मौन धरलंय.” ज्यांच्यासाठी तेवीस वर्षं तो तळवा सोलून निघाला, तेच हे बोलत होते. मीही एकदा बोललो. ते इथं लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्यांना नावं ठेवताना माझं राहून गेलं असं व्हायला नको.

घरी बायको रोज संध्याकाळी त्यांचा हात मांडीवर घेऊन कोमट तेल चोळायची. चोळताना भावाबद्दल बोलायची. लहानपणी तो झोपताना हिचं बोट धरायचा, सोडवलं की जागा व्हायचा. “अगदी इथं धरायचा,” म्हणून ती मास्तरांच्या बोटाला धरून दाखवायची. मास्तर भिंतीकडे बघायचे. धरलेलं त्यांना कळत नव्हतं. तिनं दोराबद्दल एका शब्दानं कधी विचारलं नाही. विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. नवऱ्याच्या हातावर तिचा एवढा विश्वास होता.

शेवटी तिनंच त्यांना दोन तासांवरच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण वयानं मोठी होती, चष्मा दोरीनं गळ्यात लटकलेला. तिनं मास्तरांना डोळे मिटायला लावले आणि टाचणीनं कोपरापासून खाली येत गेली. जिथून कळेनासं झालं तिथं पेनानं ठिपका काढला. असे ठिपके काढत ती मनगटाभोवती फिरली. डोळे उघडले तेव्हा मनगटावर बांगडीसारखी रेघ होती.

“हे बघा,” ती म्हणाली आणि भिंतीवरच्या चित्रातला हात दाखवला. “नसा अशा लांबीनं येतात. एक अंगठ्याकडे, एक करंगळीकडे, एक पाठीवरून. नस बिघडली तर हाताचा एखादा पट्टा जातो. हातमोजा घातल्यासारखा सगळा हात गोल कापून जात नाही. असं नसांना करताच येत नाही.”

मास्तरांचा आवाज चढला. “म्हणजे मी सोंग करतो?”

“तसं मी म्हटलं नाही. सोंग करणारा माणूस पहिल्या दिवसापासून कण्हतो. तुम्ही हात भाजला तरी गप्प. सोंग माणूस करतो; हे तुम्हांला न विचारता झालंय. भीती वाटली की पोटात गोळा येतो ना? तो गोळा कापून बघितला तर सापडत नाही, म्हणून तो खोटा असतो का? धक्का बसला की हातपाय गळतात, ते काय माणूस ठरवून गाळतो?” तिनं त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. “या हातानं काहीतरी असं केलंय किंवा त्याला काहीतरी असं कळलंय, की पुन्हा काही कळायलाच नको, असं तुमच्या आतल्या कोणी तरी ठरवलंय. शेवटचं त्याला काय कळलं होतं?”

मास्तर उठले. “गोळ्या असतील तर द्या,” म्हणाले.

“याला गोळी माझ्याकडे नाही. तोंड तुमच्याकडे आहे.”

तिनं कागदावर दोन ओळी लिहिल्या. पहिली, ‘नसांमध्ये दोष नाही.’ दुसरी, ‘आजार खरा आहे, सोंग नाही.’ मास्तरांनी त्या कागदाची बरोबर मध्ये घडी घातली आणि खिशात ठेवला. बाहेर थांबलेल्या बायकोनं वाटेत विचारलं, “काय म्हणाल्या हो बाई?” “विश्रांती,” ते म्हणाले.

तिसरा महिना संपत आला तेव्हा मेहुण्याची बायको कोठारात आली. खोली सोडायची तर नवऱ्याच्या नावावरची हत्यारं जमा करून तशी चिठ्ठी न्यावी लागते. आणि जमा करून घेणारे दाजीच. तिनं टेबलावर हातोडा ठेवला, पहार ठेवली, डोक्यावरची लोखंडी टोपी ठेवली. मास्तर यादीवर खुणा करत गेले. मग तिनं एक पुडकं ठेवलं.

“हे यादीत नाही, वहिनी.”

“चिंध्या आहेत. दिसला जुना कपडा की फाडून ठेवायचे. दाजी घेत नाहीत म्हणायचे, पण एक दिवस घेतील. माझ्या काय कामाच्या? दाजी, एक विचारू? पोरगी मोठी झाली की विचारेल. तिला काय सांगू? बाप मस्तीत मेला?”

मास्तरांनी पुडकं आपल्याकडे ओढलं. मग म्हणाले, “दोर टोचला होता.”

“कधी?”

“त्या दिवशी. सकाळी. एका वितीत तीन.”

“आणि तुम्ही लिहिलं काय?”

“ठीक.”

कोठाराच्या दाराशी मी माझा हातोडा घ्यायला उभा होतो. मला वाटलं, ती आता किंचाळेल, टेबलावरची पहार उचलेल. तिनं चिठ्ठी पुढे सरकवली. “सही करा,” म्हणाली. त्यांनी सही केली. ती चिठ्ठी घेऊन दारापर्यंत गेली आणि मान न वळवता म्हणाली, “मला सांगून काय होतंय? ज्यांनी लिहिलंय त्यांना सांगा.”

त्या संध्याकाळी घरी जाताना मास्तरांच्या हाताला मुंग्या आल्या. मग सुया. सामाईक नळापाशी त्यांनी हात पाण्याखाली धरला आणि पाणी गार आहे हे त्यांना कळलं. ते तिथंच खाली बसले. पुढच्या बाईची बादली भरून वाहायला लागली. “मास्तर, उठा की, आम्हांलाही घरं आहेत,” बायका म्हणाल्या. ते हात धरून बसूनच राहिले. रडत होते की तोंडावर पाणी उडत होतं, ते कोणाला नीट दिसलं नाही.

घरी बायको तेलाची वाटी घेऊन बसली होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं. मॅनेजरचं हसणं, काटे, सोडलेली मूठ, सही. तिनं वाटी खाली ठेवली.

“हाताला कळतं आता?”

“कळतं. दुखतोय.”

“दुखू दे,” ती म्हणाली. त्यांच्याशी ती त्यानंतर बोलली नाही.

दोन दिवसांनी मॅनेजरच्या खोलीत चौकशीचे तिघं पुन्हा बसले. मॅनेजर, खाणीचा डॉक्टर आणि वरून आलेला एक अधिकारी. मास्तर उभे राहून सगळं बोलले. खिडक्या उघड्या होत्या, बाहेर आम्ही होतो. तेवीस वर्षांत त्यांना एवढं सलग बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, “चूक माझी. त्याची नाही. माझं काय करायचं ते करा, पण त्याच्या नावापुढचा तो शब्द काढा.”

अधिकारी जरा विचारात पडला होता, एवढं मी खिडकीतून बघितलं. पण डॉक्टर उठला, टाचणी घेतली आणि मास्तरांच्या तळव्यात टोचली. मास्तरांनी झटकन हात मागे घेतला.

“अरे वा,” डॉक्टर म्हणाला. “बरा झाला की. कधीपासून?”

“परवापासून.”

“परवापासून. म्हणजे यांच्या मेहुण्याच्या बायकोनं खोलीची चिठ्ठी नेली त्याच दिवसापासून.” त्यानं दवाखान्याचा कागद मागितला. मास्तरांनी खिशातून काढून दिला. घडी पुरती न उघडता त्यानं वरची ओळ वाचली, “नसांमध्ये दोष नाही.”

“पुढची ओळ वाचा,” मास्तर म्हणाले.

“पुढचं आम्हांला लागत नाही. इथं मत माझं चालतं.”

मग मॅनेजर बोलला. अगदी सावकाश, समजावणीच्या सुरात. “हे बघा मास्तर. तीन महिने तुम्ही खोट्या हातावर हलकं काम घेतलंत. आता नातलगाची खोली वाचावी म्हणून खोटी कबुली घेऊन आलात. ज्याचा आजार खोटा, त्याची साक्ष आम्ही खरी धरायची? आणि ही नोंदवही बघा. ‘दोर ठीक’ हे तुमच्याच हाताचं ना? तुमचा हात तर खोटं बोलत नाही म्हणे.”

बाहेर आमच्यातलं कोणीतरी हसलं. सवयीनं हसलं. मग आपण कशाला हसलो हे त्याला कळलं असावं.

शब्द तसाच राहिला. सोंग केल्याबद्दल मास्तरांना काढून टाकलं. मेहुण्याची बायको दुसऱ्या दिवशी जायची होती आणि मास्तरांच्या बायकोनं तिच्या बोचक्याशेजारी आपलं बोचकं बांधून ठेवलं. शेजारणीकडून तिनं निरोप पाठवला, की मी माझ्या भावजयीबरोबर आणि भाचीबरोबर जाते, आमच्या मागून कोणी येऊ नये. मास्तरांनी तो निरोप उंबऱ्याबाहेर उभं राहून ऐकला. एक पत्र्याची पेटी उचलली आणि निघाले.

सकाळची वेळ होती. वाट खड्ड्याच्या काठानं, कप्पीवरूनच जाते. तिथं नवा दोरवाला दोर तपासत होता, हातात चिंधी. दोर तोच जुना, तुटला होता तिथं जोडलेला. मास्तर थांबले. पेटी खाली ठेवली आणि, कोणाला काही न विचारता, चिंधीच्या पुढे आपला तळवा दोरावर ठेवला. यंत्र चालू होतं, दोर जात होता. खाली आम्ही मान वर करून बघत होतो.

थोड्या वेळानं त्यांची मूठ आवळली. “थांबव,” ते म्हणाले, आम्हांला खाली ऐकू आलं एवढ्या मोठ्यानं. “इथं तीन आहेत. एका वितीत.”

नव्या दोरवाल्यानं चिंधी उलटसुलट करून बघितली. “अडकली तर नाही, मास्तर.”

मास्तरांनी तळवा बघितला. तीन बारीक ठिपके, लाल. त्यांनी खिशातून एक चिंधी काढली, त्या पुडक्यातली, तिनं हात बांधला, गाठ दातांनी ओढली. पेटी उचलली आणि चालायला लागले. नवा दोरवाला खोलीत गेला, नोंदवही उघडली, लिहिलं आणि सही केली. घंटा झाली.

आम्ही चाळीसजण रुळांपासून लांब झालो. कोणी कोणाला सांगितलं नाही. डबा खाली येऊन उभा राहिला तरी कोणी त्याला हात लावला नाही. वरून मॅनेजर ओरडत होता. आम्ही उभे राहून मास्तरांकडे बघत होतो, आणि ते एकदाही मागे बघत नव्हते. वर खोल्यांच्या रांगेत, शेजारणीनं नंतर सांगितलं, मेहुण्याची बायको लेकीला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी होती. ते वळणाआड जाईपर्यंत तिनं नजर काढली नाही. तिच्या शेजारच्या दाराला पडदा होता. पडद्याखाली मास्तरांच्या बायकोची पावलं दिसत होती, रस्त्याकडे वळलेली.